वसईच्या अंकलना, भात्यातल्या श्वासाबद्दल

प्रिय अंकल,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही 'चहा थंड होतोय' म्हणता आणि विषय संपवता. म्हणून हे पत्र. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे दिलंत ते अकॉर्डियनशी झटापट करणाऱ्या आणखी कुणाच्या तरी कामी येईल.

मामाचं अकॉर्डियन घेऊन मी तुमच्या दारात आले, तेव्हा एका दुकानातून 'सूर काढून घ्या, बाकी भंगार' असं ऐकून आले होते. तुम्ही अकॉर्डियन उघडलंत, सुरांच्या, म्हणजे आवाज देणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, लाकडी ठोकळ्यावरून नख फिरवलंत आणि म्हणालात, मेण गेलंय, माणूस जिवंत आहे. मग तीन महिन्यांचे रविवार! प्रत्येक सूर उचलायचा, घासायचा, वाकलेली चामड्याची पट्टी बदलायची, मेण आणि राळ वितळवून पुन्हा बसवायचा. अकॉर्डियनमध्ये एकेका स्वराला दोन पात्या लागतात, भाता उघडताना एक आणि मिटताना दुसरी, हे मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही फक्त चामड्याचे पैसे घेतलेत.

पण खरे आभार त्या दुरुस्तीचे नाहीत.

वाद्य बोलायला लागलं, आणि मी ते पेटीसारखं वाजवत राहिले. वीस वर्षांची हार्मोनियमची सवय. पेटीच्या पोटात स्प्रिंगवर बसलेला आतला भाता असतो. तो हवा साठवतो, दाब सारखा करतो, त्यामुळे बाहेरचा हात थोडा चुकला तरी सूर सावरून धरला जातो. अकॉर्डियनला असा मधला माणूस नाही. हाताचा दाब थेट सुरावर जातो. हात थरथरला तर सूर थरथरतो. मला तो दोष वाटायचा. तुम्ही एका दुपारी काही न बोलता टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातलीत. दोन मिनिटांनी मी विचारलं, क्लॅरिनेट कोण वाजवतंय? तुम्ही हसलात. क्लॅरिनेट नव्हतंच. अकॉर्डियनवर जॅझ वाजवणारे आर्ट व्हॅन डॅम होते.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही त्यांची गोष्ट तुकड्यातुकड्यांत सांगितलीत, आणि मी घरी जाऊन वाचून काढली. जन्म 9 एप्रिल 1920, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, नॉर्वे नावाच्या छोट्या गावात. नवव्या वर्षी गळ्यात अकॉर्डियन. 1934 मध्ये कुटुंब शिकागोला आलं. तिथे शिक्षण शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताचं, पण कान बेनी गुडमनच्या क्लॅरिनेटकडे. गुडमनचे सोलो ते अकॉर्डियनवर उतरवू लागले. ज्या वाद्याकडून लोक पोल्का आणि वॉल्ट्झ या नाचाच्या चालींची अपेक्षा करत होते, त्यावर फुंकून वाजवायच्या वाद्याची भाषा आणायची! फुंकणाऱ्याला श्वास संपला की थांबावंच लागतं, म्हणून त्याची ओळ माणसाच्या बोलण्यासारखी येते. अकॉर्डियनला तशी सक्ती नाही, म्हणूनच ते न थांबता बडबडतं.

तुमचा धडा तिथूनच सुरू झाला. आधी ओळ तोंडाने गुणगुण, जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथेच भाता फिरव, मध्ये कुठेही नाही. किती सोपं वाक्य, आणि मला त्यासाठी आठ महिने लागले. बोटं तयार होती. हात ऐकत नव्हता.

व्हॅन डॅम यांचा पाच वादकांचा संचही तुम्ही मला एकेक वाद्य वेगळं करून ऐकवलात: अकॉर्डियन, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य), गिटार, बेस, ड्रम्स. डाव्या हाताची ती 120 बटणं फारशी ऐकूच येत नाहीत, हे तुम्ही लक्षात आणून दिलंत. बेसचं काम बेसवाल्याकडे, आणि डावा हात मोकळा, भात्यासाठी. मी बटणांच्या मागे लागले होते, कारण तयार मेजर-मायनर कॉर्ड्सच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, त्या रांगांतून जॅझचे कॉर्ड्स जुळवता येतात याचं मला फार अप्रूप होतं. सी बेसवर ई मायनर दाबलं की सी मेजर सेव्हन मिळतो, असलं. तुम्ही म्हणालात, ते जमेल गं, आधी उजवा हात बोलू दे.

1945 पासून 1960 पर्यंत व्हॅन डॅम एनबीसी या अमेरिकन प्रसारण कंपनीचे नोकरदार वादक होते. पंधरा-पंधरा मिनिटांचे स्वतःचे शंभरावर रेडिओ कार्यक्रम केले, 'डाउन बीट' या जॅझच्या मासिकाच्या कौलात ओळीने दहा वर्षं पहिले आले. मग गिटारचा जमाना आला आणि अमेरिकेत अकॉर्डियन मागे पडलं. ते मात्र थांबले नाहीत. जर्मनीत व्हिलिंगेनच्या एमपीएस कंपनीसाठी त्यांनी रेकॉर्ड्स केल्या, त्यातली एक गिटारवादक जो पास यांच्यासोबत. 15 फेब्रुवारी 2010 ला, एकोणनव्वदाव्या वर्षी ते गेले.

हे सांगताना तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य बोललात: ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर आला आणि आम्हाला स्टेजच्या मागे खुर्ची दिली. गुडी सीरवाई आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स ज्या वाद्यावर नावाजले गेले, ते वाद्य आपल्या शहरांत लग्नाच्या वरातीपुरतं उरतंय, हे तुम्हाला किती लागलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. तरीही तुम्ही दर आठवड्याला ते उघडून पुसत होतात. नाहीतर ती कॅसेट माझ्यापर्यंत पोचलीच नसती.

गेल्या शनिवारी मी शाळेत मुलांसमोर वाजवलं. गुडमनच्या एका सोलोतल्या आठ मात्रा, एका श्वासात, भाता मध्ये न फिरवता. पाचवीतली एक मुलगी पुढे आली आणि विचारलं, बाई, यात बासरी लपवली आहे का?

मी तुमच्यासारखीच हसले. उत्तर तिला पुढच्या तासाला मिळेल. झाकण उघडून दाखवणार आहे.

रविवारी मिस्सानंतर येते. कॅसेट आणते, तिची कॉम्प्युटरवर प्रत करून घेतली आहे, तुमच्या मुलीच्या फोनवर घालून देईन. पाऊस सुरू झाल्यापासून वरचा एफ शार्प अडकतोय. मेण आणि राळ मी घेऊन येते, या वेळी सूर मी बसवणार, तुम्ही फक्त शेजारी बसा.

तुमची,
डोंबिवलीची पेटीवाली