अँटवर्पच्या काकांना, साखरपुड्याच्या अंगठीबद्दल

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहावं लागतंय, कारण तुमच्यापर्यंत पोहोचायचा दुसरा रस्ता मला उरला नाही. तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलेला नंबर २०२१ पासून लागत नाही. तुमच्या त्या सोनार मित्राच्या कारखान्यात फोन केला, तर तिथे आता दुसरंच कुणीतरी बसतं. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पण पालनपूरचं घराणं, गिरगावात गेलेलं बालपण, धनजी स्ट्रीटवर शिकलेली दलाली आणि १९७६ पासून अँटवर्प, एवढ्यावरून तुमची नातवंडं तरी तुम्हाला ओळखतील आणि हे वाचून दाखवतील, अशी आशा आहे.

मी नाशिकचा. ऑक्टोबर २०१९. कंपनीच्या कामासाठी तीन महिने आइंडहोवनला होतो आणि परतीचं विमान बुधवारचं होतं. डिसेंबरात साखरपुडा ठरलेला. घरच्या परिस्थितीमुळे साखरपुड्याचा बहुतेक खर्च तिच्या वडिलांनीच उचलला होता, आणि ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं. निदान अंगठी तरी पूर्णपणे माझ्या कमाईची असावी, म्हणून रोजच्या भत्त्यातून पैसे बाजूला टाकत, घरी वरणभात करून खात, मी १,५०० युरो साठवले होते. अँटवर्पला हिरे स्वस्त मिळतात, असं ऑफिसातल्या प्रत्येकाने सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी मी स्टेशनाबाहेर पडलो. त्या स्टेशनाचा घुमट बघून छाती दडपून गेली होती, आणि बाहेर येऊन बघतो तर पेलिकानस्ट्राटवरची निम्मी दुकानं बंद. ज्यू व्यापाऱ्यांचा शब्बाथ शनिवारी असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. जी दुकानं उघडी होती त्यातल्या एकात शिरलो. अर्धा कॅरेटचा हिरा, किंमत २,४०० युरो. मी दाराकडे वळलो तसा २,००० झाला, दाराच्या मुठीला हात लावला तसा १,५०० झाला. "फक्त आज," असं त्या माणसाने तीनदा सांगितलं. मी हरखून गेलो होतो. पैसे देण्याआधी आईला सांगावं म्हणून बाहेर आलो आणि फोनवर जवळजवळ ओरडलो, "आई, अर्धा कॅरेट आहे, अर्धा!"

मागून आवाज आला, "अर्धा आहे ते कळलं. पण कसला आहे, ते विचारलंत का?"

वळून बघितलं, तर राखाडी कोट, हातात पावाची पिशवी आणि तोंडात स्वच्छ गिरगावचं मराठी. काका, त्या क्षणी मला तुमचा थोडा रागच आला होता. आज सांगून टाकतो.

तुम्ही मला परत आत पाठवलंत. "प्रमाणपत्र कुणाचं आहे, एवढंच विचारून या." मी विचारलं. त्याने छापील कागद पुढे केला. वर दुकानाचंच नाव, खाली दुकानाचीच सही. बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही त्या दुकानाबद्दल एक वाईट शब्द बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, "जो विकतो त्यानेच पास केलेला पेपर. जीआयए, एचआरडी, आयजीआय, या हिरे तपासणाऱ्या बाहेरच्या प्रयोगशाळा. यांच्यापैकी कुणाचा तरी असू दे. सोमवारी येता येईल?"

मी सोमवारची सुट्टी टाकली.

त्या सोमवारचे पाच तास मला अजून तासातासाने आठवतात. होवेनियर्सस्ट्राट ही एवढीशी गल्ली, गाड्यांना बंदी, जिकडे तिकडे कॅमेरे. काळ्या कोटातले दाढीवाले ज्यू व्यापारी आणि आपल्याकडचे गुजराती शेठ एकमेकांशी उभ्या उभ्या बोलत होते. तुम्ही दोन्हींकडे मान हलवत पुढे चालला होतात. एका जिन्यावरून वर नेऊन तुम्ही मला उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसवलंत आणि सगळ्यात आधी जे बोललात, ते ऐकून माझा चेहरा पडला होता.

"बेटा, हे आधी ऐकून घे. इथे स्वस्त असतो, हे खरं नाही. जगातले बहुतेक हिरे घासले जातात आपल्या सूरतेत. इथे जो घेशील तो बहुधा तिकडूनच आलेला असणार. मुंबईत असाच मिळेल, कदाचित कमी पैशात मिळेल. हौस म्हणून घ्यायचा असेल तर इथे घे. स्वस्त म्हणून घेऊ नकोस."

ज्या माणसाचं सगळं आयुष्य हिरे विकण्यात आणि विकवण्यात गेलं, त्याने पहिलं वाक्य हे बोलावं, याचं मोल मला तेव्हा कळलं नाही. मी हट्टाने म्हणालो की मला इथूनच न्यायचा आहे, तीन महिने त्याच्यासाठीच काढलेत. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. खिशातून पुड्या काढून टेबलावर ठेवल्यात. औषधाच्या पुडीसारख्या घड्या घातलेला पांढरा कागद, आत निळसर पातळ कागद, आणि त्यात तांदळाच्या कणीएवढाले खडे.

एक कोरं व्हिजिटिंग कार्ड मधोमध दुमडून तुम्ही त्याची पन्हळ केलीत आणि तिच्यात पाच हिरे पालथे घातलेत. "वरून बघितलंस तर चमक फसवते. रंग बघायचा तर पालथा घालून, बाजूने बघ." मला आधी सगळे सारखेच दिसले. पाच मिनिटांनी डावीकडून चौथा जरा पिवळट वाटायला लागला, साखरेशेजारी खडीसाखर ठेवावी तसा. तो के रंगाचा निघाला. डी म्हणजे एकदम पाण्यासारखा आणि तिथून झेडपर्यंत पिवळेपणा वाढत जातो, हे मी आधी वाचलं होतं. पण डोळ्याला कळलं ते त्या कार्डामुळे. मग तुम्ही म्हणालात, "आता सांग, बोटात घातल्यावर जी आणि ई मधला फरक तिच्या आत्याला दिसणार आहे का?" जी ठरला.

मग आयग्लास. दहापटीचं भिंग डोळ्याला चिकटवायचं, कोपर टेबलावर टेकवायचं, दुसरा डोळा मिटायचा नाही. चिमट्यातला हिरा माझ्या हातून दोनदा उडाला, आणि दोन्ही वेळा तुम्ही खाली वाकून तो शोधलात. सत्तरी ओलांडलेली तुमची पाठ. मला अजूनही ते आठवून अपराधी वाटतं. एका खड्यात बरोबर मधोमध काळा ठिपका दिसला, दुसऱ्यात कडेला पिसासारखी पांढरी रेघ. "हा एसआय, हा त्याहून स्वच्छ, व्हीएस टू. कडेची रेघ हिरा धरणाऱ्या नखीखाली झाकली जाईल. मधला डाग तुला रोज दिसेल, कारण आता तुला माहीत आहे." हिऱ्याच्या कडेला तुम्ही कंदोरा म्हणालात. भिंगातून त्या कंदोऱ्यावर लेसरने कोरलेला नंबर दिसला. तो प्रमाणपत्रावरच्या नंबराशी जुळवायला लावलात, आणि वर माझ्याच फोनवरून जीआयएच्या साइटवर तपासायला लावलात. हल्ली यंत्रात वाढवलेले हिरेही येतात, तेही हिरेच, नुसत्या डोळ्याला ओळखू येत नाहीत, त्यामुळे पेपरवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

कटबद्दल, म्हणजे हिरा कसा घासलाय त्याबद्दल, बोलताना तुम्ही खुलला होतात. याच गावात जन्मलेल्या मार्सेल टोल्कोव्स्कींनी १९१९ मध्ये गणित मांडून दाखवलं की गोल हिऱ्याचे कोन किती असले म्हणजे आत शिरलेला उजेड खालून न निसटता वरूनच परत येतो. तुम्ही कागदावर दोन हिरे काढलेत, एक फार खोल, एक फार उथळ, आणि पेन्सिलीने उजेडाच्या रेषा खालून बाहेर पडताना दाखवल्यात. तो कागद माझ्याकडे आहे. मी शाळेत भौतिकशास्त्रात बरा होतो, पण प्रकाशाचं परावर्तन मला त्या पेन्सिलीच्या रेषांइतकं कधीच समजलं नव्हतं. "वजन सोड, कट सोडू नकोस," असं सांगून तुम्ही मला अर्ध्या कॅरेटच्या हट्टावरून खाली आणलंत. शंभर सेंटचा एक कॅरेट, आणि पन्नास सेंटला किंमत एकदम उडी मारते, आणि ती उडी बघणाऱ्याला दिसत नाही, फक्त देणाऱ्याला दिसते, हेही समजावलंत. शेवटी ३८ सेंटचा निवडला. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे आमचा हिरा ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही हलका. वाटाण्याच्या डाळीपेक्षाही लहान. पण खिडकीपाशी धरला, तेव्हा माझ्या शर्टाच्या बाहीवर रंगीत ठिपके पडले होते.

मापाची गोष्टही लिहायलाच हवी. तिच्या धाकट्या बहिणीने गुपचूप तिची एक अंगठी मोजून कालनिर्णयच्या पानाची पट्टी मला पाठवली होती, पेनाने खूण केलेली. मला ती दाखवायची लाज वाटत होती. तुम्ही ती पट्टी दोन बोटांत धरून म्हणालात, "शाबास. दोरा पाठवला असता तर ताणला गेला असता." तुमच्या सोनार मित्राने ती पोलादी पट्टीवर ठेवली. बरोबर ५२ मिलिमीटर, आपल्याकडचा १२ नंबर. त्यांना मराठी येत नव्हतं, मला फ्लेमिश येत नव्हतं, पण ती पट्टी त्यांनी मला परत दिली ती दोन्ही हातांनी. १८ कॅरेट सोन्याच्या तयार कोंदणात दोन तासांत हिरा बसला. चार नख्या, एकेक नखी दाबताना त्यांचा श्वास थांबलेला दिसत होता.

एकूण १,२९० युरो. तुम्ही माझा हात त्यांच्या हातात दिलात आणि "माझल" म्हणायला लावलंत. हिब्रूतली ही शुभेच्छा म्हणून हात मिळवला की सौदा पक्का, मग लाखाचा असो की कोटीचा, आणि तो शब्द ज्यू, जैन, सगळे पाळतात, हे जिना उतरताना सांगितलंत. तुमची दलाली विचारली, तेव्हा तुम्ही हातातली काठी जमिनीवर आपटलीत. "पेढे पाठव," म्हणालात.

आणि मग तुम्ही मला तिथेच सोडलं नाहीत. बिलासोबत टॅक्स फ्री फॉर्म भरून घ्यायला लावलात. बेल्जियमचा २१ टक्के व्हॅट, आपल्यासारख्या बाहेरच्या प्रवाशाला त्यातला बराच भाग परत मिळतो. पण युरोपातून निघताना शेवटच्या विमानतळावर, माझ्या बाबतीत ॲमस्टरडॅमला, कस्टम्सला वस्तू, बिल आणि पासपोर्ट दाखवून शिक्का घ्यावा लागतो. अंगठी सामानात टाकायची नाही, हातात ठेवायची, हे तुम्ही दोनदा बजावलंत. दीडएक महिन्याने १७० युरो परत आले.

पण ज्यासाठी मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, ते पुढचं. ऑफिसातले मित्र म्हणाले होते, बिल फाडून टाक, बोटात घालून बाहेर पड, कोण विचारतंय. मी ते तुम्हाला सहज बोलून गेलो. तुम्ही रस्त्यात थांबलात. "जी अंगठी तिच्या बोटात घालायची, ती चोरून आणायची नाही. पैसे कमी पडत असतील तर मी देतो, पण विमानतळावर लाल दारातून जा, वस्तू जाहीर करून."

मुंबईला रात्री दीड वाजता मी लाल दारातून गेलो. तेव्हा ५० हजारांपर्यंत माफ होतं आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. वीस हजारांना थोडे कमी भरले. १,५०० युरोंतले उरलेले पैसे तिथेच संपले. म्हणजे तुम्ही सांगितलं तेच खरं झालं, अंगठी मुंबईपेक्षा महागच पडली. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी पावती फाडताना विचारलं, "साखरपुडा?" मी हो म्हणालो. त्यांनी अंगठी डबीत नीट बसवून झाकण लावून दिलं. बाहेर टॅक्सीच्या रांगेत उभा असताना मी ती डबी हातात उघडी धरून उभा होतो, कुणाची भीती नव्हती.

तिला मी सगळं सांगितलंय, तुम्ही कुठे वाकलात, काठी कशी आपटलीत, सगळं. साखरपुड्यात अंगठी एका झटक्यात बोटात गेली, तेव्हा तिची बहीण रडायला लागली आणि कुणालाच कारण कळेना.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दरवर्षी नख्या तपासून घेतो. गेल्या महिन्यात एक नखी किंचित उचललेली निघाली. सराफ बाजारातल्या आमच्या म्हाताऱ्या सोनारांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा निवडला कुणी?" मी म्हटलं, माझ्या काकांनी. त्यांनी नखी बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पट्टी, पेन्सिलीचा कागद आणि पावती, तिन्ही पासपोर्टच्या कव्हरात आहेत. आम्हाला आता तीन वर्षांची मुलगी आहे. पेढे मात्र अजून द्यायचे राहिलेत, साखरपुड्याचे, लग्नाचे आणि तिच्या जन्माचे बर्फीसकट. कुठे पाठवू, एवढं कळवा.

तुमचा,
नाशिकचा मुलगा