दीड तासाचा गणिताचा तास

नॉर्थ कॅरोलिना,
नोव्हेंबर, शनिवार सकाळ

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सलग दीड तास गणित? पोरं बसतात कशी?" तेवढ्यात माझी घंटा झाली आणि बोलणं अर्धंच राहिलं. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. इतकी वर्षं शाळेचं वेळापत्रक तुम्ही केलंत, तेव्हा नुसत्या वर्णनानं तुमचं समाधान होणार नाही. आकडेही देते.

आधीची दोन वर्षं मी ज्या शाळेत होते तिथे रोज सात तास असायचे, प्रत्येक 50 मिनिटांचा. सातही विषय रोज, वर्षभर. आपल्या वेळापत्रकासारखंच, फक्त इथे शिक्षक आपल्या खोलीत थांबतात आणि मुलं दप्तर घेऊन खोल्या बदलतात. या ऑगस्टमध्ये नव्या शाळेत आले तर इथे 'फोर बाय फोर ब्लॉक'. दिवसाला चारच तास, प्रत्येक 90 मिनिटांचा; या तासालाच 'ब्लॉक' म्हणतात. एका सत्रात मुलाला चारच विषय, पण रोज. वर्षाचा अख्खा अभ्यासक्रम पहिल्या सत्रात संपवायचा, परीक्षा घ्यायची, आणि दुसऱ्या सत्रात नवे चार विषय. काही शाळांत 'ए-डे, बी-डे' असतं: आठ विषय वर्षभर, आज चार, उद्या उरलेले चार.

आता हिशेब. शाळेचे दिवस 180 धरा. जुन्या शाळेत 180 गुणिले 50 मिनिटं, म्हणजे एका विषयाला 150 घड्याळी तास. इथे 90 दिवस गुणिले 90 मिनिटं, म्हणजे 135. पंधरा घड्याळी तास कमी! आपल्या भाषेत, जुन्या शाळेतले अठरा तास गेले. नियमाला मात्र दोन्ही चालतात. 1906 साली कार्नेगी फाउंडेशन या इथल्या शिक्षणसंस्थेनं एका विषयाला वर्षाचे 120 घड्याळी तास असं माप घालून दिलं. अमेरिकेतली बहुतेक हायस्कुलं अजून त्याच मापानं क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे गुण, मोजतात, आणि 135 त्यात आरामात बसतात. शिवाय वर्षाला सातऐवजी आठ विषय होतात, म्हणजे चार वर्षांत 28 ऐवजी 32. शाळांना हे वेळापत्रक आवडतं त्याचं हे एक मोठं कारण.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की नुसतं शिकवत राहिलं तर पोरं बसत नाहीत. पहिल्या आठवड्यात मी जुन्या सवयीनं दोन पाठ एकापाठोपाठ घेतले. चाळिसाव्या मिनिटाला डोळे जड झालेले दिसले. मग शेजारच्या खोलीतल्या बाईंचा वर्ग जाऊन पाहिला. त्या दीड तासाचे चार तुकडे करतात: कालची उजळणी, नवा भाग, मग मुलांनी जोडीनं गणितं सोडवायची आणि शेवटी फळ्यावर येऊन समजावून सांगायची. आता मीही तसंच करते. वेळ कसा जातो कळत नाही, मला आणि बहुतेक मुलांनाही.

गेल्या मंगळवारचं सांगते. वर्गसमीकरणं चालली होती. मागच्या बाकावर बसणारा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा x² − 5x + 6 = 0 सोडवत होता. त्यानं सहा पलीकडे नेले, x(x − 5) = −6 केलं, आणि लिहिलं: x = −6 किंवा x − 5 = −6. ही चूक तुम्ही शेकड्यानं पाहिली असेल. जुन्या शाळेत मी लाल खूण करून बरोबर रीत लिहून दिली असती, कारण घंटेला सहा मिनिटं उरलेली असायची. मंगळवारी हातात चाळीस मिनिटं होती. म्हटलं, "ताळा करून बघ." त्यानं −6 घातले, बेरीज आली 72. −1 घातला, आले 12. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मी काहीच बोलले नाही. मग त्यानं स्वतःच विचारलं, "दोघांचा गुणाकार −6 येणाऱ्या जोड्या तर कितीही असतात, मग यातल्या एकाला −6 म्हणायचा मला काय हक्क?" आणि पुढच्याच क्षणी, "शून्य असेल तरच म्हणता येईल." सहा परत अलीकडे आणले, अवयव पाडले, 2 आणि 3 काढले, दोन्हींचा ताळा केला. बाबा, ते 'तरच' त्याच्या तोंडून आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढ्यासाठी दीड तास हवा.

विज्ञानवाल्यांचं तर विचारूच नका. 50 मिनिटांत साहित्य काढून, प्रयोग करून, धुऊनपुसून ठेवेपर्यंत निरीक्षणं लिहायला वेळच उरायचा नाही. शिक्षकांचा भारही हलका झाला आहे. आधी माझ्या सहा तुकड्या होत्या, दीडशेच्या आसपास मुलं. आता एका सत्रात तीनच तुकड्या, आणि चौथा ब्लॉक तयारीसाठी मोकळा. पहिल्या पंधरवड्यात सगळ्या मुलांची नावं पाठ झाली, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

आता मला खुपतं ते. एक, गैरहजेरी. इथे एक दिवस बुडाला की जुन्या शाळेतले जवळजवळ दोन पाठ गेले. तापानं आठवडाभर घरी राहिलेली एक मुलगी परत आली तेव्हा एक प्रकरण संपून दुसरं अर्धं झालं होतं. तिला रोज मधल्या सुट्टीत बसवून भरून काढते आहे.

पण खरी काळजी मधल्या खंडाची आहे. इथे गणिताची पायरी मॅथ 1, मॅथ 2, मॅथ 3 अशी असते. समजा नववीतल्या मुलानं मॅथ 1 पहिल्या सत्रात केलं, जानेवारीत संपवलं, आणि दहावीत मॅथ 2 दुसऱ्या सत्रात आलं. म्हणजे पूर्ण वर्ष त्या मुलानं समीकरण म्हणून हाताळलं नाही! माझ्या मॅथ 2 च्या तुकडीत सात महिन्यांचा खंड पडलेली मुलं आहेत. ऑगस्टमध्ये कंस सोडवताना वजा चिन्ह आत न्यायचं विसरलेली, अपूर्णांक दिसला की पेन खाली ठेवणारी. आधीच पंधरा तास कमी, त्यात पहिले दोन आठवडे उजळणीत गेले. पाढ्यात एक दिवस खंड पडला तरी तुम्ही आम्हाला परत पहिल्यापासून म्हणायला लावायचात, ते मला इथे रोज आठवतं. इतिहासाला खंड एवढा बाधत नसावा. गणित, परकी भाषा आणि वाद्यवृंद यांना बाधतो. नुसत्या गणितापुरतं मला विचाराल तर वर्षभर रोज 50 मिनिटंच बरी, हे मी मंगळवारचा तो तास आठवूनही म्हणते.

पण वेळापत्रक एका विषयासाठी बदलत नाही. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षासाठी आमच्याकडून सूचना मागवल्या आहेत. माझ्या डोक्यात असं आहे की मॅथ 1 सगळ्यांना नववीच्या दुसऱ्या सत्रात द्यावं आणि मॅथ 2 दहावीच्या पहिल्या सत्रात. मध्ये फक्त उन्हाळ्याची सुट्टी, खंड आपोआप मिटतो. अडचण एवढीच की आज जो मुलगा मॅथ 1 ला जानेवारीत नापास होतो, तो लगेच दुसऱ्या सत्रात तोच विषय परत घेतो आणि जूनपर्यंत सगळ्यांच्या बरोबरीला येतो. माझी योजना लागू केली तर तो जूनमध्ये नापास होईल आणि त्याची ही संधी जाईल. मागच्या बाकावरचा तो मुलगा अशांपैकीच होऊ शकतो. एकीकडे सगळ्यांचा खंड, दुसरीकडे थोड्यांची दुसरी संधी. दोन रात्री कागदावर मांडून पाहिलं, सुटलं नाही. कच्ची मुलं हेरून फक्त त्यांनाच पहिल्या सत्रात मॅथ 1 द्यावं म्हणावं, तर कच्चं कोण हे ऑगस्टमध्ये ठरवायचं कशावरून?

नववी-दहावीच्या तुकड्या, शिक्षक आणि मोकळे ब्लॉक यांचा तक्ता सोबत जोडला आहे. नावं काढून टाकली आहेत, नुसते आकडे आहेत. तुम्ही चौकटीचा कागद घेऊन बसा आणि कुठे काय सरकवता येईल ते पेन्सिलीनं दाखवा. सूचना 15 डिसेंबरपर्यंत द्यायच्या आहेत, त्याआधी फोटो काढून पाठवा. रात्री उशिरापर्यंत जागू नका, नाहीतर आई मला बोलेल.

आईस साष्टांग नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमची लेक