‘मीठ कमी करा’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अँजिओप्लास्टी आणि बायपासवर वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते. सगळे उपचार होऊनही ज्यांचे हृदय थकतच चालले आहे, त्यांच्या शुश्रूषेसाठी मात्र डिस्चार्ज कार्डावर एवढेच असते : विश्रांती घ्या, मीठ कमी करा. घरच्यांना यातून काय करायचे ते कळत नाही.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर ते अंगात साठलेले पाणी समजून लगेच डॉक्टरांना कळवावे. पाय सुजण्याची वाट पाहू नये. सूज डोळ्यांना दिसेपर्यंत काही लिटर पाणी साचलेले असते. काटा फसवतोही. आजार लांबला की मांस झडते, त्या जागी पाणी भरते आणि वजन जिथल्या तिथे राहते. म्हणून धाप न लागता रात्री झोपायला किती उशा लागल्या, हेही शेजारी लिहावे. दोनाच्या तीन झाल्या, तर वजन वाढलेले नसले तरी फोन करावा.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सूज पायांपेक्षा माकडहाडापाशी आधी दिसते. तिथे अंगठ्याने काही सेकंद दाबून खळगा राहतो का, ते पाहावे. सुजलेली कातडी लवकर फाटते, तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलावी आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा गादीपासून उचललेल्या ठेवाव्यात.

लघवीची गोळी सकाळी द्यावी. दुसरी असेल तर दुपारीच, नाहीतर रात्रभर उठबस आणि अंधारात पडण्याचा धोका. आतड्यांना सूज आली की हीच गोळी नीट शोषली जात नाही. अशा वेळी मनाने डोस वाढवू नये, इंजेक्शन लागेल का ते विचारावे. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिले की मीठ-पाणी शरीरात अडकते आणि आठवडाभराची मेहनत वाया जाते. ‘कमी सोडियमचे’ मीठ तर विचारल्याशिवाय आणूच नये. त्यात पोटॅशियम असते आणि शरीरात पोटॅशियम राखून ठेवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकते.

धाप लागली की घरचे आधी ऑक्सिजन शोधतात. रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असेल तर त्याने फारसा फरक पडत नाही. पाठीला टेकू देऊन बसवावे, पाय खाली सोडावेत, चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घ्यावा. तरीही जीव घाबरा होत असेल तर अगदी कमी मात्रेतले मॉर्फिन उपयोगी पडू शकते. ते डॉक्टरांच्याच देखरेखीखाली द्यायचे, पण ‘हे शेवटचे औषध’ म्हणून नाकारू नये.

हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडले की शॉक देणारे यंत्र छातीत बसवलेले असेल, तर ते कधी बंद करायचे हे रुग्ण बोलता असतानाच त्याला विचारायला हवे. शेवटच्या तासांत ते पुन्हा पुन्हा शॉक देऊ शकते. यंत्राची मांडणी बाहेरून बदलणाऱ्या ‘प्रोग्रामर’ या उपकरणाने फक्त शॉक बंद करता येतो. त्याने हृदय थांबत नाही, पेसिंग (मंद ठोक्यांना आधार देणे) चालूच राहते. शॉक कधी बंद करायचा याची नोंद डिस्चार्ज कार्डावर असावी, अशी आमची रुग्णालयांना विनंती आहे.

आपल्या,
हृदयरुग्णांच्या शुश्रूषेत काम करणाऱ्या परिचारिका