फ्लोरिडात टँपाच्या नव्या घरातल्या मनूला

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, चक्रीवादळ कॅटेगरी चार-पाचचं आलं तर घर सोडून निघू. एक-दोनला काय घाबरायचं?" फोन ठेवला, पण तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

८ जुलै २०२४ला इथे ह्यूस्टनला आलेलं बेरिल चक्रीवादळ कॅटेगरी एकचंच होतं. तरी वीस लाखांहून जास्त वीजजोडण्या बंद पडल्या. आपल्याकडे दिवे आले ते आठव्या दिवशी. वारा काही तासांत निघून गेला, मागे राहिला तो उकाडा, आणि त्या उकाड्याने शहरात माणसं दगावली. कॅटेगरीचा आकडा फक्त वाऱ्याचा वेग सांगतो गं. समुद्राचं पाणी किती आत येईल, अंधार किती दिवस राहील, हे त्यात कुठेच नसतं.

तेव्हा तयारी वादळाच्या रात्रीपुरती नको, त्यानंतरच्या आठवड्याची कर. पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन धर. तुम्ही तिघं, म्हणजे २१ गॅलन. फ्लशसाठी बाथटब भरशील, तेव्हा त्या बाथरूमला बाहेरून कडी घाल. पिल्लू आता रांगतंय. त्याच्यासाठी पाणी न घालता पाजता येतं ते बाळाचं तयार दूध, फॉर्म्युला, आणून ठेव. फ्रिज उघडला नाही तर चार तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. रिकाम्या जागेत आधीच पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेव. त्यानंतरचं दूध-मटण चाखून बघायचं नाही, सरळ टाकायचं.

जनरेटर घेताय ते बरं, पण माझी खरी धास्ती तीच आहे. २००८ला आइक चक्रीवादळानंतर शेजाऱ्यांनी तो गॅरेजमध्ये लावला होता, शटर अर्धं उघडं ठेवून. घरातल्या सगळ्यांची डोकी दुखायला लागली, धाकटी उलट्या करून निपचित पडली. बाबांनी तिला उचलून अंगणात आणली, म्हणून वाचली. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, मनू. पाऊस असो, चोरीची भीती असो, जनरेटर घरापासून किमान २० फूट लांबच, धुराचं तोंड खिडक्यांकडे न करता. हा वायू ओळखणारे बॅटरीवरचे अलार्म आजच लाव. आणि जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये कधीही खुपसू नका. तो करंट उलटा रस्त्यावरच्या तारांत जातो आणि खांबावर चढलेला माणूस मरतो.

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. पुराचा सरकारी विमा वेगळा, आणि तो साधारणपणे घेतल्यावर ३० दिवसांनी लागू होतो. वादळ नकाशावर दिसल्यावर धावून उपयोग नाही. वादळांचा सीझन १ जूनला सुरू होतो, दिवस मोज.

वॉच, म्हणजे वादळ येण्याची शक्यता असल्याचा सरकारी इशारा, जाहीर झाला की जोराचा वारा यायला साधारण ४८ तास उरलेले असतात. तेव्हाच गाडीची टाकी भर, औषधं आणि कागदपत्रं गाडीत टाक. तुमच्या झोनला निघायला सांगितलं, तर कॅटेगरी विचारत बसू नका. तुमच्या काउंटीत (जिल्ह्यात) घर सोडून निघण्यासाठी ए ते ई असे झोन आहेत. तुझ्या पत्त्याचा कुठला, ते काउंटीच्या साइटवर बघ आणि रात्री फोनवर मला सांग.

पिल्लाला पापा.

तुझी,
आई