चिंचोके, चित्रगुप्त आणि तुम्ही

प्रिय ताई,

डोक्याला मार लागलेलं माणूस घरी येतं, टाके सुकतात आणि भेटायला आलेले म्हणतात, "चला, बरा झाला!" खरं काम तिथून पुढे असतं, हे आम्हाला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. तुमचं काम व्यवसायोपचाराचं (ऑक्युपेशनल थेरपी), म्हणजे रोजची कामं माणसाला पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून दिलेला उपचार. १९५० साली कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याची शाळा सुरू केली, तरी अजून कित्येकांना हा उपचार म्हणजे नोकरी मिळवून देणं वाटतो. तुम्ही तो एका कप चहात दाखवलात.

तो चहा तुम्ही शेवटून शिकवलात. आधी सगळं घरच्यांनी करायचं, त्यानं फक्त गाळून कपात ओतायचं. ते हाताला बसलं की गॅस बंद करणं त्याच्याकडे, मग दूध घालणं, असं मागे सरकत कपभर पाणी मोजण्यापर्यंत. सुरुवातीपासून शिकवलं तर माणूस मध्येच अडकतो आणि सगळंच सोडून देतो. शेवटून शिकवलं की रोज चहा पुरा होतो, तोही त्याच्या हातून.

"आठव बघू!" हे दोन शब्द तुम्ही घरातून हद्दपार केलेत. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच डोक्यात घट्ट बसतं, कारण ते चूक होतं हे लक्षात राहत नाही. म्हणून उत्तर आधी सांगायचं, मग अर्ध्या मिनिटाने विचारायचं, मग एका, दोन, चार मिनिटांनी. चुकलं तर लगेच सांगून मागच्या अंतरावर यायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण याला पर्याय नाही.

कुकरच्या शिट्ट्या मोजताना आकडा निसटतो. तुमचा तोडगा असा: तीन शिट्ट्यांसाठी वाटीत तीन चिंचोके, दर शिट्टीला एक ताटलीत, वाटी रिकामी झाली की गॅस बंद. शेंगदाणे नकोत, ते दुसऱ्या शिट्टीआधीच तोंडात जातात, हे तुम्ही इतक्या गंभीरपणे बजावलंत की सगळं घर हसलं. स्मरणवहीचं नाव तुम्ही 'चित्रगुप्त' ठेवलंत. "वहीत बघ" म्हटलं की चिडणारं माणूस "चित्रगुप्ताला विचार" म्हटल्यावर हसून पान उलटतं. वही एकच, रोज त्याच जागी, आणि लिहायचं त्यानेच. दोन वह्या झाल्या की दोन्ही वाया.

हसण्याचेही नियम तुम्ही घालून दिलेत. पहिला विनोद ज्याला इजा झाली त्याचा, आपण मागून हसायचं. टोमणे बंद, कारण मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की उपरोध उमगेनासा होऊ शकतो. "वा, किती लवकर उठलास!" ही त्याला शाबासकी वाटते. आणि कारण नसताना, आवरता न येणारं हसू किंवा रडू आलं, तर ती थट्टा नव्हे, डॉक्टरांना सांगायची गोष्ट.

सर्वात मोठे आभार वासाबद्दल. नाकाच्या वरच्या चाळणीसारख्या हाडातून जाणारे बारीक मज्जातंतू धक्क्याने तुटू शकतात आणि मग वास येईनासा होतो. माणूस स्वतः ते सांगतोच असं नाही. तुम्ही कॉफीची डबी नाकाशी धरून ते ओळखलंत. मग स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवायला लावलात, तोही जमिनीलगत, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. रात्री रेग्युलेटर बंद, आणि दुधाच्या पिशवीवरची तारीख मोठ्याने वाचायची. एकट्याने घरात राहायचं तर हे आधी, चहा नंतर.

दुपारी सुचेनासं होतं, तो आळस नव्हे. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं पंखा आणि शांतता, टीव्ही बंद. हे पाहुण्यांना समजावणं सर्वात अवघड, ते काम तुम्ही स्वतः फोनवर केलंत.

धुऊन वाळवलेल्या चिंचोक्यांची पिशवी तुमच्या टेबलावर ठेवली आहे, पुढच्या घरासाठी.

तुमचे,
घरोघरचे चित्रगुप्ताचे मदतनीस