वाढू नकोस, करायला लाव

सातारा, १२ मे

प्रिय बंड्या,

पाच महिने पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील, तुझा हक्कच आहे. मी बरा आहे, बीपीची गोळी चालू. आई हिंडती-फिरती आहे, तुझी आठवण काढते.

लिहितोय ते धाकट्यासाठी. जानेवारीत नोकरीच्या मेडिकलला रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ टक्के. वय २२, बंड्या! डॉक्टर म्हणाले, मधुमेह म्हणता येणार नाही, पण उंबऱ्यावर उभा आहे, ५.७ च्या खाली यायला हवी. त्या रात्री आम्हा दोघांचा डोळ्याला डोळा लागला नाही. हिने साखरेचा डबा लपवला, मी बोल बोल बोललो. पोरगं आमच्यासमोर दोन पोळ्या खायचं आणि रात्री अकराला दारात पार्सल हजर.

मग सदाशिव पेठेतली खोली आठवली. मेसच्या भाजीवरचा तवंग बघून तू म्हणाला होतास, "स्वतः करायला शीक, म्हणजे कळेल आपण काय गिळतोय." मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. तुझं बरोबर होतं. (कुकरची शिट्टी मात्र तूच हरवलीस, तेवढं आता कबूल करून टाक.)

तर फेब्रुवारीपासून रात्रीचा स्वयंपाक त्याच्याकडे. पहिल्याच दिवशी मोबाइलवर बघून पनीर बटर मसाला करायला घेतलं. १०० ग्रॅम लोण्याचा ठोकळा कढईत सोडायचा, तिथे हात थांबला. कागद सोललेला ठोकळा तसाच धरून माझ्याकडे वळला, "बाबा, हॉटेलात हे एवढं पोटात जातं?" मी गप्प राहिलो. त्याने सुरीने चतकोर कापून घातला, उरलेला फ्रीजमध्ये ठेवला.

तेव्हापासून तेल बाटलीतून ओतत नाही, चमच्याने घालतो. रात्री मटकी फडक्यात बांधतो आणि सकाळी दात घासायच्या आधी मोड बघून येतो. मेथीला नाक मुरडायचा ना? अर्धा तास बसून जुडी निवडली, कढईभर पाल्याची मूठभर भाजी झाली. आता पानात काडी उरत नाही. भाकरीने मात्र रडवलं, कडा चिरायच्या. आई म्हणाली, ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकळतं पाणी घालून मळ. परवा पहिली टम्म फुगली, ती त्याने आधी आजीच्या ताटात नेऊन ठेवली. आईने पदर डोळ्यांना लावला.

नुसता स्वयंपाक येऊन भागत नाही, हेही खरं. आपल्याला येतच होतं की, दोन वर्षं बटाट्याच्या काचऱ्या आणि भुर्जी! तोही रविवारी भजी तळतो. पण तळताना कढईतलं तेल किती उतरलं ते डोळ्यांनी बघतो, म्हणून बुधवारी पुन्हा मागत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा तपासलं. ५.८! रोज चालतोही, त्यामुळे सगळं श्रेय कढईला देत नाही, पण रिपोर्ट हातात घेतल्यावर पहिला तूच आठवलास.

आता माझा जीव टांगणीला लागलाय तो पुढच्यासाठी. १ जूनला तो तुमच्या बंगळूरला येतोय. खोलीत आणखी तीन पोरं, एक इंडक्शन, आणि त्याला आलेल्या फोटोत त्यावर मोजे वाळत होते. सुटायला रात्रीचे नऊ. थकलेला माणूस मटकी कधी भिजवणार? चार महिन्यांची सवय महिनाभर तरी टिकेल का? रोज रात्री हेच डोक्यात घोळतं. हिला सांगत नाही, ती आणखी काळजी करेल.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? वहिनींची बदली थांबली का? लेकीला बारावीबद्दल शाबासकी सांग.

रविवारी तो तुझ्याकडे येईल. वहिनी ताट वाढायला धावतील, त्यांना थांबव. त्याला बाजारात ने, तिकडे नाचणी मुबलक, चांगलं पीठ कुठे मिळतं ते दाखव, आणि मग ओट्यापाशी उभा कर. बाटलीतून धार धरताना दिसला, तर त्याच रात्री मला फोन कर.

तुझाच,
दादू