शिक्षणमंत्री साहेब, वर्गातला गोंगाट नेमका कुणाला खुपला?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या, एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. गावाचं नाव टाकत नाही, टाकलं तर आणखी एक नोटीस यायची, आणि आहे तीच अजून पचली नाही. परवा हातात पडली. अध्यापनाच्या वेळेत विद्यार्थ्यांकडून नाटक करवून घेतल्याने शैक्षणिक नुकसान झाले, तरी आपली एक वेतनवाढ का रोखण्यात येऊ नये, सात दिवसांत खुलासा सादर करावा. खाली गोल शिक्का.

आता काय नाटक चाललं होतं ते तरी ऐका, कारण भेटीला आलेल्या साहेबांनी ऐकलं नाही, दारातूनच फोटो काढला आणि गेले.

पाचवीचा वर्ग, तास गणिताचा. मी वर्गात धान खरेदी केंद्र उभं केलं. एक पोरगा ग्रेडर, म्हणजे धान तपासून घेणारा, दोघं हमाल, बाकी सगळे शेतकरी, दप्तरं म्हणजे कट्टे, धानाची पोती. कुणालाही काही पाठ करून दिलं नव्हतं, ही पोरं बापासोबत ट्रॉलीवर बसून केंद्रावर रात्र काढून आलेली आहेत, त्यांना मी काय डायलॉग लिहून देणार? ग्रेडर झालेल्या पोराने पहिल्याच कट्ट्याला सांगितलं, ४० किलोवर २ किलो घट जास्तीची टाका, बारदाना (रिकामी पोती) संपला, उद्या या. ढब इतकी हुबेहूब की हमालच हसायला लागले. तेवढ्यात एक पोरगी उठली, "का जी सायेब, दोन किलो कायचे? वाळवून आनलं ना आमी!" झालं, भांडण पेटलं. मग मी म्हटलं फळ्यावर मांडा. ६० कट्टे, कट्ट्यामागे २ किलो, १२० किलो, म्हणजे १.२ क्विंटल, साधारण धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. दशांशाचा गुणाकार, जो कितीही फळा भरला तरी डोक्यात जात नव्हता, तो पोरांनी भांडता भांडता केला. २,८४२ रुपये ८० पैसे. त्या ८० पैशांवरूनही वाद, सोडायचे का धरायचे. नेमके तेव्हाच साहेब दारात.

शेरा काय तर, वर्गात गोंगाट, पाठ्यपुस्तके मिटलेली. मिटलेली होतीच, खोटं कशाला बोलू.

साहेब, याच तालुक्यात मागच्या वर्षी एका प्रशिक्षणात एका मोठ्या अधिकाऱ्याने माईक हातात घेऊन आम्हाला सांगितलं होतं की आता नाट्यातून अध्यापन, शाळांच्या प्रत्येक केंद्राला त्यासाठी वेगळा निधी, आठवड्याला दोन तासिका, जे शिक्षक करतील त्यांचा सत्कार. आम्ही टाळ्या वाजवल्या. निधीचं पुढे काय झालं म्हणून विचारलं तर माईकवाले साहेब बदलून गेले होते. कागद, गोंद, मुखवट्याचे पुठ्ठे, सगळं माझ्या खिशातून. सत्कार मात्र झाला, तो हा असा.

बरं, मी काही घरचं खूळ काढलेलं नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कला आहे आणि तिच्यात नाट्य नाव घेऊन आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात कला-समेकित शिक्षण आहे, अनुभवातून शिकणं आहे. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' उघडा, चित्र, गायन, वादन, नृत्य यांच्या रांगेत नाट्य बसलेलं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शाळकरी पोरांसोबत काम करणारी वेगळी तुकडी १९८९ पासून आहे. पुण्यात अभिनेते मोहन आगाशेंनी ग्रिप्सची, म्हणजे मूळ जर्मनीतली मुलांसाठीची, नाटकं आणली त्यालाही आता चाळीसेक वर्षं होत आली. म्हणजे दिल्लीत चालतं, पुण्यात चालतं, तुमच्या पुस्तकात चालतं, फक्त आमच्या वर्गात शैक्षणिक नुकसान होतं!

आणि कुठे होतं तर झाडीपट्टीत. इथे दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावाची जत्रा, भरते आणि गावोगाव रात्रभर नाटक चालतं, लोक तिकीट काढून थंडीत घोंगडं घेऊन बसतात, गडचिरोलीतल्या वडसा गावात नाटक कंपन्यांच्या पाट्यांच्या पाट्या आहेत. इथल्याच नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारने एका हाताने पद्मश्री द्यायची आणि दुसऱ्या हाताने नोटीस, हे कसं काय जमतं बाप्पा?

तुमच्या लोकांना नाटक म्हणजे फक्त गॅदरिंग कळतं. भाड्याचे कपडे, मोठ्ठा स्पीकर, प्रमुख पाहुणे, पोरांनी पाठ केलेलं ओकायचं आणि पाहुण्यांनी दहाव्या मिनिटाला मोबाईल काढायचा. त्याला परवानगी लागत नाही. मी म्हणतो ते वेगळं आहे, त्यात प्रेक्षकच नसतो, पोरगं दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करतं, बस. तयारीला मला लागला असेल अर्धा तास. त्यापेक्षा जास्त वेळ पोषण आहाराची माहिती भरायला जातो.

माझं सांगायचं नव्हतं पण निघालंच आहे तर सांगतो. मतदार याद्यांचा बीएलओ मी, जनगणनेला मी, निवडणुकीला मी, नवसाक्षरांचा सर्व्हे मी. द्विशिक्षकी शाळा, दुसऱ्या मॅडम प्रशिक्षणाला गेल्या की पाचही वर्ग एकटा मी. आमच्या भागातल्या दहातल्या आठ शाळांची हीच गत असेल, खोटं वाटत असेल तर मोजायला माणूस पाठवा, पण तोही शिक्षकच पाठवाल. बायको दुसऱ्या तालुक्यात नोकरीला, बीपीची गोळी सुरू झाली, घराचा हप्ता तुंबलाय आणि वर वेतनवाढ रोखू म्हणता. इतक्या वर्षांत वर्गात कसं शिकवतो हे बघायला कुणी आलं नाही, कागद बघायला सगळे येतात.

कलेला माणूस द्या म्हटलं तर आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, दाखवतात. त्या कायद्याच्या अनुसूचीत अंशकालीन कला निदेशक (अर्धवेळ कलाशिक्षक) सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असला तरच. आमच्याकडे अख्ख्या शाळेचा पट पंचवीस, आणि आहे ती शाळाही मोठ्या शाळेत नेऊन टाकायच्या गोष्टी चालतात. पैसा नाही म्हणतात. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या धोरणात परत तेच ६ टक्के. चोपन्न वर्षांनी आकडासुद्धा नवीन लिहायची मेहनत कुणी घेतली नाही, वाह!

मागणं फार नाही. ती नोटीस मागे घ्या, आणि नाट्यातून शिकवणं हे अध्यापनच आहे असं एका ओळीचं पत्र खालपर्यंत पाठवा, म्हणजे दारातून फोटो काढणाऱ्यांना दाखवता येईल. पावसाळ्यात झाडीपट्टीचे कलावंत रिकामे असतात, त्यांना मानधन देऊन शाळांमध्ये बोलवा, आम्हालाही शिकता येईल. मुंबईहून पीपीटी घेऊन येणाऱ्यांपेक्षा स्वस्त पडेल, आणि त्यांची भाषा पोरांना कळते. साहित्याचे पैसे देणार नसाल तर नका देऊ, पण निधी दिला असं कुठल्या अहवालात लिहूही नका.

बाकी काय लिहू. उपक्रमाचे फोटो आज संध्याकाळपर्यंत अपलोड करायचे आहेत, यंदाचा विषय कला-समेकित अध्ययन. शाळेत रेंज नाही, बोडीच्या (शेतातल्या तळ्याच्या) पाळीवर जावं लागतं, म्हणून थांबतो.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक